साइट गूगलवर खाली गेली? आधी तारीख शोधा

पुण्यातल्या छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळणं हे माझं काम. केटरर, क्लासवाले, साड्यांची दुकानं, एक-दोन दवाखाने. दर दोन-तीन महिन्यांनी यांपैकी कुणाचा तरी सकाळी सकाळी फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अहो, आपण गूगलवर दिसतच नाही आता." दुसरंही ठरलेलं, "आम्ही काहीच केलं नाही हो." पहिलं वाक्य निम्म्या वेळा खरं निघतं. दुसरं क्वचितच.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: कधीपासून? तारीख मिळाली की अर्धं काम झालं, कारण त्या तारखेच्या आसपास कुणी कशाला हात लावला एवढंच मग शोधायचं उरतं. खालचा क्रमही तसाच लावला आहे. फुकट आणि पाच मिनिटांच्या तपासण्या आधी, पैसे आणि महिने खाणाऱ्या शेवटी. एक पथ्य मात्र पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. घाबरून एकाच दिवशी थीम बदलली, शीर्षकं बदलली, दहा पानं उडवली, तर साइट वर आली तरी कशामुळे आली ते कळत नाही, आणि आणखी खाली गेली तरी नाही.

लक्षणं

गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलच्या निकालांत कशी दिसते ते मालकाला दाखवणारं साधन, उघडा. ते फुकट आहे. अजून जोडलं नसेल तर आज जोडा. ते नसताना निदान करणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. त्यातल्या परफॉर्मन्स अहवालात क्लिक, इम्प्रेशन (निकालांत किती वेळा दिसलात), सरासरी स्थान असे आलेख दिसतात. आलेखाचा आकार बघा.

सिंहगडाच्या कड्यासारखा एका दिवसात सरळ खाली आला असेल, तर बहुधा तांत्रिक बिघाड, हॅकिंग किंवा गूगलने हाताने केलेली कारवाई. पर्वतीच्या पायऱ्यांसारखा आठवड्या-आठवड्याने उतरत असेल, तर हंगाम, स्पर्धा किंवा मजकुराचा दर्जा. एकच पान किंवा एकच विभाग पडला आणि बाकी साइट ठीक, तर त्या पानांचे पत्ते बदललेत का ते बघायचं. स्थान तेच, इम्प्रेशन तेच, पण क्लिक कमी? मग तुमची साइट जागच्या जागी आहे, निकालांचं पान बदललंय. साइटचे आकडे जसेच्या तसे, पण दुकानातले फोन बंद झाले, तर गडबड मॅप्सवरच्या नोंदीत.

आणि एक लक्षण असं की ज्यात काहीच झालेलं नसतं.

खरंच पडली का?

मालक दुकानात बसून स्वतःच्याच फोनवर स्वतःचं नाव शोधतो. गूगल निकाल दाखवताना तुम्ही कुठे बसलात ते बघतं, तुमचे आधीचे शोधही थोडेफार बघतं. सदाशिव पेठेत पहिला दिसणारा केटरर हिंजवडीत दुसऱ्या पानावर असू शकतो आणि त्यात बिघाड काहीच नसतो. तेव्हा मेहुण्याने बाणेरहून पाठवलेला स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नका.

सर्च कन्सोलमधल्या सरासरी स्थानाचाही एक चकवा आहे. तुम्ही नवी वीस पानं टाकली आणि ती साठाव्या क्रमांकाच्या आसपास दिसू लागली, तर एकूण सरासरी घसरते. जुन्या पानांना धक्काही लागलेला नसतो. म्हणून सरासरी नेहमी एकेका पानाची किंवा एकेका शोधशब्दाची बघायची. उलटा चकवा सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. एका पानावर शंभर निकाल मागवायची जुनी सोय गूगलने बंद केली आणि अनेकांचे इम्प्रेशन अचानक उतरलेले दिसले. क्लिक जिथल्या तिथे होते. रँक मोजणारी यंत्रं खोलवरची पानं मागवायची, त्यांची मोजणी थांबली इतकंच. तुमची घसरण त्याच सुमाराची असेल आणि क्लिक शाबूत असतील, तर पुढे वाचायची गरज नाही.

आता हंगाम. फराळ, मोदक, ढोल, पैठणी, भटजी यांचा धंदा ज्या साइटवर आहे त्यांनी गेल्या वर्षाशी तुलना करताना तारीख लावू नये, तिथी लावावी. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. आता १ ते १० सप्टेंबर या काळाची दोन वर्षांची तुलना केली तर एका वर्षी गणपतीपूर्वीची झुंबड धरली जाते आणि दुसऱ्या वर्षी विसर्जनाकडे झुकलेले दिवस. आलेख धाडकन पडलेला दिसतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे चतुर्थी पुन्हा पुढे, १४ सप्टेंबरला गेली, म्हणजे हा घोळ तिथेही आहेच. सर्च कन्सोल जास्तीत जास्त १६ महिन्यांची माहिती ठेवतं, त्यामुळे दर दिवाळीनंतर आकडे उतरवून आपल्याकडे ठेवायची सवय लावा. दोन वर्षांपूर्वीचा गणपती नंतर कुठेच मिळत नाही.

एवढं झालं की गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर नजर टाका. कोअर अपडेट (निकाल लावायच्या पद्धतीत गूगल करतं तो मोठा बदल) चालू असेल तर तिथे सुरुवातीची आणि संपल्याची तारीख दिलेली असते. बहुतेक अपडेट दोन-तीन आठवड्यांत आटोपतात. मार्च २०२४ चं मात्र ५ मार्चला सुरू होऊन तब्बल ४५ दिवस चाललं होतं. अपडेट चालू असताना साइटला हात लावायचा नाही. त्या काळात आकडे रोज वर-खाली होतात आणि तुम्ही केलेल्या दुरुस्तीचा परिणाम कोणता ते ओळखता येत नाही.

दार उघडं आहे का?

सगळ्यात जास्त वेळा मला इथेच उत्तर सापडलंय, आणि दुरुस्ती एका क्लिकची असते.

वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जमधल्या रीडिंग या पानावर एक चौकट असते: सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये अशी विनंती करणारी. साइट तयार होत असताना डेव्हलपर तिच्यात टीक करतो, ते बरोबरच आहे. साइट चालू करताना ती काढायला विसरतो, हे नेहमीचं आहे. त्या टीकमुळे प्रत्येक पानात नोइंडेक्स अशी खूण जाते. पुणेरी पाटीच म्हणा ना: दुकान उघडं, दिवे लागलेले, माल मांडलेला आणि दारावर 'आत येऊ नये'. माणसांना ती पाटी दिसत नाही, फक्त गूगलला दिसते. कोथरूडच्या एका क्लासची साइट एप्रिलमध्ये नवी केली होती. ऐन प्रवेशाच्या दिवसांत, जूनमध्ये, मॅडमनी मला बोलावलं. तोवर त्यांनी जाहिरातींवर बरेच पैसे घातले होते. टीक काढायला मला लॉगिनसकट चार मिनिटं लागली.

तपासायचं असं. सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये तुमच्या मुख्य पानाचा पत्ता टाका आणि लाइव्ह टेस्ट करा. पान नोंदवता येतं की नाही आणि नसेल तर का, हे तिथे सरळ लिहिलेलं येतं. मुख्य पान ठीक असेल तर पडलेली दोन-तीन पानंही तशीच तपासा. त्यानंतर शोधयंत्रांनी कुठे जावं आणि कुठे नाही ते सांगणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल बघा. त्यात डिसअलाउच्या पुढे नुसती एक तिरकी रेघ असेल, तर अख्खी साइट बंद आहे. पानांवर नोइंडेक्स आणि फाइलमध्येही अडवणूक, असं दोन्ही असेल तर आधी फाइल मोकळी करावी लागते. गूगलला पानापर्यंत पोचताच आलं नाही, तर पानावरची खूण काढलीत हे त्याला कळणार कसं?

दार उघडं आहे पण गूगललाच आत सोडत नाहीत, असाही एक प्रकार भेटतो. एका मिठाईवाल्या काकांच्या साइटवर रोज परदेशातून लॉगिनचे प्रयत्न होत होते. होस्टिंगवाल्या मुलाने उपाय काढला: "काका, आपली गिऱ्हाइकं सगळी पुण्यातली, मग भारताबाहेरचं ट्रॅफिक बंदच करून टाकू." केलं. साइट इथे प्रत्येकाच्या फोनवर झकास उघडत होती. पण गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारं त्याचं यंत्र, मुख्यतः अमेरिकेतून येतो, आणि त्याला दारातूनच परत पाठवलं जात होतं. दोन आठवड्यांत पानं गळायला लागली. अशा वेळी लाइव्ह टेस्टमध्ये ४०३ (प्रवेश नाकारला) किंवा सर्व्हरची चूक दिसते. फायरवॉलमध्ये (नको ते ट्रॅफिक अडवणाऱ्या भिंतीत) शोधयंत्रांच्या खऱ्या बॉटना वाट ठेवायला सांगा, एवढंच लागतं.

डोमेनची मुदत आणि एसएसएल (साइटचा पत्ता सुरक्षित असल्याचं) प्रमाणपत्रही याच फेरीत बघून घ्या. फुकट मिळणाऱ्या प्रमाणपत्रांची मुदत जेमतेम काही महिन्यांची असते आणि आपोआप नूतनीकरण कधीतरी अडकतंच.

गूगलचं पत्र आलंय का?

सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल ॲक्शन्स आणि सिक्युरिटी इश्यूज ही दोन पानं आहेत. दोन्हीकडे हिरवी खूण असेल तर पुढे चला. मॅन्युअल ॲक्शन म्हणजे गूगलच्या माणसाने पाहून केलेली कारवाई, आणि ती झाली असेल तर तिथे लिहिलेलं असतंच. "गूगलने आपल्याला पेनल्टी लावली" असं कुणी सांगितलं आणि हे पान कोरं असेल, तर सांगणारा अंदाजाने बोलतोय.

हॅकिंग मात्र दर वेळी तिथे दिसेलच असं नाही. शोधपट्टीत इंग्रजीत साइट हा शब्द लिहा, त्याला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबं आणि पुढे मोकळी जागा न सोडता तुमचं डोमेन. गूगलला तुमची कोणती पानं माहीत आहेत ते समोर येतं. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साडीच्या दुकानाच्या साइटवर आम्ही हे केलं तेव्हा हजारो जपानी पानं निघाली, घड्याळांची आणि पर्सेसची. शेठ चष्मा पुसून म्हणाले, "आपण जपानला कधीपासून माल पाठवायला लागलो?" ब्राउझरमध्ये ती पानं उघडली तर साइट अगदी नेहमीसारखी दिसायची, कारण जपानी मजकूर फक्त गूगलच्या बॉटला दाखवला जात होता. हा हल्ला इतका जुना आणि सर्रास आहे की त्याला नावच पडलंय, जपानी कीवर्ड हॅक.

असं काही दिसलं की इथे थांबा आणि माणूस बोलवा. स्वतः फाइली उडवत बसू नका. एक मागचं दार बुजवलं की दुसऱ्यातून हल्लेखोर परत येतो, आणि जुना बॅकअप टाकावा तर बहुतेक वेळा तोही आधीच बाधित असतो. माणूस येईपर्यंत तुम्ही दोनच कामं करा. होस्टिंग, वर्डप्रेस आणि ईमेलचे पासवर्ड बदला. आणि सर्च कन्सोलमध्ये मालकांच्या यादीत कुणी अनोळखी ईमेल आहे का ते बघा. हल्लेखोर स्वतःला मालक म्हणून जोडून घेतात. यादीत असं नाव दिसलं तर त्याचा फोटो काढून ठेवा, दुरुस्ती करणाऱ्याला लागतो.

पत्ते बदलले का?

"आम्ही काहीच केलं नाही" यातलं 'काहीच' बऱ्याचदा इथे सापडतं, आणि मराठी साइटना हे दुखणं जरा जास्तच.

देवनागरी अक्षर वेब पत्त्यात जातं तेव्हा आतून त्याची टक्केवारीच्या खुणांसह नऊ चिन्हं होतात. एक 'क' म्हणजे नऊ जागा. काना, वेलांटी, अर्धं अक्षर जोडणारा हलन्त, प्रत्येकाच्या वेगळ्या नऊ. वर्डप्रेस पानाच्या पत्त्याला २०० चिन्हांची जागा देतं, म्हणजे मराठीची जेमतेम बावीस चिन्हं मावतात. 'घरगुती दिवाळी फराळ ऑर्डर पुणे' हे शीर्षक घ्या. मोजून बघा, पहिल्या चार शब्दांतच एकवीस चिन्हं होतात आणि 'पुणे' बाहेर पडतं. पत्ता 'ऑर्डर'वरच संपतो.

गंमत अशी की एवढ्याने रँकिंग पडत नाही. पत्त्यातल्या शब्दांना फार वजन नसतं. पडतं ते पुढच्या उपायाने. कुणीतरी मालकांना सांगतं की हे टक्क्याटक्क्यांचे पत्ते व्हॉट्सॲपवर वाईट दिसतात, रोमन करून टाकू. एखादं प्लगइन किंवा डेटाबेसमधली एक आज्ञा, आणि दोनशे पानांचे पत्ते एका दुपारी बदलतात. एकेका लेखाचा (पोस्टचा) पत्ता हाताने बदलला असता तर वर्डप्रेसने जुन्या पत्त्याची आठवण ठेवून वाचकाला पुढे पाठवलं असतं. डेटाबेसमध्ये घाऊक बदललं की ती आठवण राहत नाही. आठ वर्षांत जमवलेल्या लिंका, गूगलची ओळख, सगळं ४०४ वर, म्हणजे 'पान सापडलं नाही'वर जाऊन आपटतं.

तपासणी सोपी आहे. सर्च कन्सोलमधून घसरणीआधीच्या काळात सर्वाधिक क्लिक मिळालेल्या पन्नास पानांची यादी काढा आणि प्रत्येक पत्ता उघडून बघा. कंटाळवाणं आहे, तासभर जातो, पण करा. जे पान सापडत नाही त्याच्या जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळण) लावा आणि तो निदान वर्षभर ठेवा, गूगलही तेच सांगतं. सगळे जुने पत्ते मुख्य पानावर वळवायचा आळस करू नका. पुरणपोळीची कृती शोधत आलेल्याला मुख्य पान दाखवलं तर गूगल त्याला हरवलेलं पानच मानतं.

पन्नास-शंभर पानं स्वतः करता येतात. हजारो उत्पादनांचं दुकान असेल, किंवा डोमेनच बदललं असेल, तर हे काम जाणत्याकडे द्या.

फक्त फोन बंद झालेत?

मग साइट सोडा आणि गूगलचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे मॅप्सवरची तुमची नोंद, उघडा. नोंद निलंबित झाली आहे का, दुकान हलवलं तेव्हाची जुनी नोंद तशीच राहून दोन झाल्यात का, कुणीतरी 'कायमचं बंद' असं सुचवून ठेवलंय का. दुकानाच्या नावात 'पुण्यातील सर्वोत्तम केटरर, कोथरूड, वारजे, कर्वेनगर' असं शेपूट लावलं असेल तर काढा. नाव पाटीवर आहे तेच हवं, हा गूगलचा नियम आहे आणि त्यावरून नोंदी उडतात. दुपारी दुकान बंद असतं तर वेळाही तशाच टाका. पुण्यात कुणी रागवणार नाही.

स्थान तेच, क्लिक कमी

ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल बऱ्याच प्रश्नांची एआयने तयार केलेली उत्तरं वरच दाखवतं. 'अनारसे किती दिवस टिकतात' विचारणाऱ्याला उत्तर तिथेच मिळतं, तो तुमच्या पानावर येत नाही. यावर दुरुस्ती नाही, आणि आहे असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. 'अनारसे घरपोच कोथरूड' असा शोध घेणारा मात्र अजून येतो. अशा पानांवर भाव, ऑर्डरची शेवटची तारीख, कुठवर पोचवता हे नीट लिहिलंय का ते बघा.

वेगाबद्दल थोडक्यात. पानातला मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, ही गूगलची मापं. पण नुसत्या वेगामुळे कड्यावरून पडलेली साइट मी पाहिलेली नाही. मोबाइलवर मजकूरच गायब असेल तर ती वेगळी गोष्ट, कारण गूगल मोबाइलवरचंच पान वाचतं.

शेवटी मजकूर

वरचं सगळं ठीक निघालं आणि घसरण पायऱ्यापायऱ्यांची असेल, तर कठीण भाग आला. तुम्हाला मागे टाकून जी तीन पानं वर गेली ती उघडा आणि गिऱ्हाईक म्हणून वाचा. त्यांच्याकडे दर आहेत, खरे फोटो आहेत, आणि तुमच्याकडे 'आम्ही दर्जेदार सेवा देतो' आहे का?

दोन गोष्टी मी नेहमी शोधतो. एक, चित्रात अडकलेला मजकूर: मेन्यू, दरपत्रक, बॅचचं वेळापत्रक, सगळं जेपीजीमध्ये. नाहीतर जुन्या डीटीपी फॉण्टमध्ये टाइप केलेला, जो तुमच्या डोळ्यांना मराठी दिसतो आणि यंत्राला रोमन अक्षरांचा कचरा. त्यातला एक शब्द उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा, लगेच कळेल. दुसरी, एकाच साच्यातली पानं: कोथरूडसाठी एक, वारज्यासाठी एक, औंधसाठी एक, फक्त गावाचं नाव बदललेलं. मार्च २०२४ च्या नव्या धोरणांत रँकिंगसाठी घाऊक पाडलेल्या पानांवर गूगलने स्पष्टच बोट ठेवलं. अशी चाळीस पानं असतील तर त्यांतली खरी माहिती एका चांगल्या पानात आणा आणि बाकीची तिकडे वळवा. पण उडवण्याआधी बॅकअप.

बॅकलिंकला, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंकांना, मी सगळ्यात शेवटी हात लावतो. लिंका नाकारायची फाइल भरून देण्याची सेवा विकणारे पुष्कळ आहेत. तुम्ही कधी लिंका विकत घेतल्या नसतील आणि मॅन्युअल ॲक्शनही नसेल, तर त्या फाइलची गरज नाही. चुकीची भरली तर चांगल्या लिंकाही जातात.

सुधारणा दिसायला किती वेळ? नोइंडेक्स काढल्यावर मुख्य पानं काही दिवसांत परततात, बाकीची काही आठवड्यांत. रीडायरेक्टला महिना-दोन महिने धरा. कोअर अपडेटमध्ये पडलेली साइट मजकूर सुधारूनही कधीकधी पुढच्या मोठ्या अपडेटपर्यंत तशीच बसते, आणि मालकांना हे सांगणं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

माणूस कधी आणि कसा बोलवायचा

हॅकिंग, मॅन्युअल ॲक्शन, डोमेन बदल, सर्व्हरच्या वारंवार येणाऱ्या चुका, किंवा ज्या साइटवर लोक पैसे भरतात तिथलं काहीही: थांबा. बॅकअप नसेल तर पहिल्या तपासणीच्या पुढे स्वतः जाऊच नका.

'महिन्यात पहिला नंबर, लेखी हमी' म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. जो कोटेशनच्या आधी सर्च कन्सोल बघायला मागतो तो बरा. डोमेन आणि होस्टिंग कुणाच्या ईमेलवर आहे तेही त्याच दिवशी तपासा. आमच्याकडे बऱ्याचदा ते भाच्याच्या कॉलेजच्या ईमेलवर निघतं आणि भाचा पुण्यात नसतो. सर्च कन्सोलमध्ये त्या माणसाला मालक करू नका, वापरकर्ता म्हणून जोडा. काम संपलं की त्याचं नाव काढा. माझंसुद्धा.